बिननावाची फ्रेम

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, तैवानच्या सामुद्रधुनीला लागून, शियामेन नावाचं बंदर आहे. तिथून आणि नैऋत्येला असलेल्या शेन्झेन-डोंगगुआनच्या पट्ट्यातून कार्बनच्या सायकल-फ्रेम जगभर जातात. काहींवर युरोप-अमेरिकेतलं मोठं नाव रंगवलेलं असतं, काहींवर काहीच नसतं. माझ्या सायकलची फ्रेम या दुसऱ्या जातीतली. मॅट काळी, ४९ साइज, आणि खालच्या नळीवर एरवी नाव असतं तिथे नुसतं काळं.

ती पुण्यात आणून उभी केली त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. "चायनीज? आणि त्यातही बिननावाची? सिंहगड उतरताना भीती नाही का वाटत?" हे इतक्या जणांनी विचारलंय की नीट लिहावंसं वाटलं. भीती वाटायलाच हवी, असं माझं मत आहे. फक्त ती कुठे वाटावी आणि कुठे नको, हे कळायला फ्रेम बनते कशी ते आधी बघावं लागतं.

कार्बन फायबर म्हणजे ज्यातलं बाकी सगळं जाळून टाकलंय असा धागा. स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या कुळातल्याच पॉलिमरचे तंतू आधी हवेत शेकतात आणि मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १,००० अंशांच्या वर तापवतात; कार्बन तेवढा मागे उरतो. जपानच्या टोरे कंपनीने १९७१ मध्ये याचं व्यावसायिक उत्पादन सुरू केलं. सायकलवाल्यांच्या तोंडी सतत असणारा टी७०० हा टोरेचाच. त्याचा एक तंतू ७ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. लांबीच्या दिशेने ओढला तर पोलादाला मागे टाकतो. आडवा दाबला किंवा घासला की त्याची ही ताकद काही कामाची नाही.

म्हणून सगळं अवलंबून असतं ते तंतू कुठल्या दिशेने लावले यावर. इपॉक्सीच्या राळेत भिजवलेल्या तंतूंचे पातळ ताव कारखान्यात शीतपेटीत ठेवतात, नाहीतर राळ आपोआप धरू लागते. ते बाहेर काढून त्यांचे शेकडो तुकडे कापतात आणि नकाशाबरहुकूम एकावर एक चिकटवत जातात. गोधडी शिवताना पटकुरं लावतात तसंच, पण इथे प्रत्येक तुकड्याला कोन असतो: काही नळीच्या रेषेत, काही ४५ अंशांत पीळ सोसायला, काही आडवे. पॅडल मारताना जिथे सगळा जोर येतो त्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस जिथे बसतो तो भाग) सांध्यावर जाड थर, वरच्या नळीच्या मधोमध अगदी पातळ. हे आजही माणसांच्या हातांनीच होतं. मग ही रचना पोलादी साच्यात जाते, आतल्या फुग्यात हवा भरून ती साच्याच्या भिंतीवर दाबतात आणि साचा तापवतात. फुगा नीट दाबला नाही, एखादा थर सरकला, आत सुरकुती पडली, तर बाहेरून काही दिसत नाही. घासून, लांबी भरून, रंग दिला की सगळ्या फ्रेम सारख्याच देखण्या.

त्यामुळे जाहिरातीत 'टी८००', 'टी१०००' असे मोठाले आकडे आले की मी त्यांना फारसं महत्त्व देत नाही. जास्त ताठ तंतू आघाताला जास्त ठिसूळही असू शकतात. चांगल्या हातांनी आणि चांगल्या दाबाने बनलेली टी७०० ची फ्रेम मी केव्हाही पसंत करीन.

आमच्या घरी आजोबांची रॅले होती. पुढच्या नळीवर बगळ्याचा पितळी बिल्ला. त्या काळी नाव आणि कारखाना एकच होते. नॉटिंगहॅम काय किंवा आसनसोलची सेन-रॅले काय, नळी जोडणारा आणि बिल्ला ठोकणारा एकाच छपराखाली उभे असत. बिल्ला पाहिला की सायकल कुणी बनवली ते कळायचं. आता तसं उरलेलं नाही. जायंट १९७२ मध्ये तैवानात सुरू झाली ती दुसऱ्यांसाठी सायकली बनवण्यापासून. तिने स्वतःचं नाव लावलं ते १९८१ मध्ये. आज बाजारातल्या बहुतेक नावांना स्वतःचा कार्बनचा कारखाना नाही. त्यांचे अभियंते आराखडा करतात, फ्रेम दुसऱ्याकडून बनवून घेतात, तपासतात आणि मोडली तर बदलून देतात. याला पैसे पडतात आणि ते योग्यच आहेत. मात्र त्याच किमतीत व्यावसायिक संघांचं प्रायोजकत्व, जाहिराती आणि दुकानांची साखळीही असते, आणि मग नुसती फ्रेम काही लाखांवर जाते.

दुसरीकडे साचा कारखान्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो. त्याला ओपन मोल्ड म्हणतात. त्यातून निघालेली फ्रेम कोणीही घ्यावी, हवं ते नाव लावावं किंवा लावू नये. माझी अशीच. याच बाजारात तिसराही प्रकार मिळतो, ज्यावर इटलीतल्या किंवा अमेरिकेतल्या नामांकित कंपनीचं नाव खोटं रंगवलेलं असतं, आणि त्याबद्दल माझं मन अजिबात मऊ नाही. जो नावाबद्दल खोटं बोलतो त्याने आतल्या थरांबद्दल खरं सांगितलं असेल, हे मी कशाच्या आधारावर मानू? शिवाय असली सायकल पुढे कोणाला तरी विकली जाते, आणि त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं. बिननावाची फ्रेम निदान आपण काय आहोत ते सांगते.

मी या रस्त्याला लागले त्याचं मुख्य कारण पैसे नव्हते. माझी उंची होती. पाच फूट दोन इंच. पुण्यातल्या दुकानांत माझ्या मापाची कार्बन रोड बाइक क्वचित उभी दिसते, आणि असली तरी 'सीट खाली घेतली की झालं' असं सांगून ५२ ची दाखवतात. साइजचा आकडा तसाही फसवा. एका कारखान्याची ४९ ही दुसऱ्याची ५१ असते. बघायच्या गोष्टी दोन, स्टॅक आणि रीच. बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, वरच्या काठापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. फिटिंग करून घेतलेल्या माझ्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवरून ही मापं मी काढली आणि तेवढी घेऊन ड्रॉइंग मागवत बसले. ड्रॉइंग पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याला यादीतून लगेच काढलं.

ड्रॉइंगमध्ये जे वाचायला मिळालं ते मला कुठल्याच चकचकीत जाहिरातीने कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक साइजला वेगळा साचा लागतो आणि साचा महाग असतो. लहान फ्रेमवर चाक मात्र तेच ७०० मापाचं. ते पायाच्या चवड्याला लागू नये म्हणून हेड ट्यूबचा कोन आडवा करतात. मधल्या साइजला तो ७३ अंशांच्या आसपास, लहानाला ७०.५ पर्यंत खाली. इथवर ठीक. पण बरेच कारखाने पैसे वाचवायला सगळ्या साइजना एकच चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, देतात, ४५ मिलिमीटर रेकचा. स्टीअरिंगच्या अक्षापासून चाकाचा मध्य जेवढा पुढे असतो तो रेक. मग ट्रेल बिघडतो. स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भिडेल तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. ७३ अंशांना ते सुमारे ५७ मिलिमीटर येतं, ७०.५ ला त्याच चिमट्याने सुमारे ७३. हाताला हा फरक लगेच कळतो. सायकल सरळ जायचा हट्ट धरते, हळू चढावर पुढचं चाक बाजूला कलंडतं, घाटाच्या वळणात ओढून वळवावं लागतं. 'बुटक्या लोकांच्या सायकली जडच वळतात' हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले. त्यामागे शरीराचा दोष नसून वाचवलेला एक साचा आहे, हे कागदावर त्रिकोणमिती मांडल्यावर उमगलं आणि खरोखर राग आला.

शेवटी एक कारखाना सापडला ज्याने लहान साइजना ५० मिलिमीटर रेकचा वेगळा चिमटा केला होता. हेड अँगल ७१.५, म्हणजे ट्रेल ६१ च्या जवळ. हातातली निवड तिथेच ठरली. बाकीच्या मागण्या मी त्यानंतर बघितल्या: ३२ मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा, कारण इथले रस्ते, आणि आट्यांचा, म्हणजे बीएसए पद्धतीचा बीबी. आपल्याकडच्या बीएसए एसएलआरवर शाळेत गेलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. मूळ ते बर्मिंगहॅमच्या स्मॉल आर्म्स कंपनीचं, आणि तिच्या आट्यांचं माप शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. दाबून बसवायचा प्रेसफिट बीबी कारखान्याला सोपा पडतो, पण भोक जरा जरी अंडाकृती झालं तर पॅडलागणिक करकर ऐकत बसावं लागतं. वायर आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, वाटीतून आत नेणारी फ्रेमही मी नाकारली. दिसायला ती सुंदर असते. पण पावसाळ्यात वरच्या बेअरिंगला पाणी लागून ते गंजलं, तर बदलण्यासाठी ब्रेकच्या नळ्याही सोडवाव्या लागतात. कोथरूडहून पावसात रोज निघणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

चाचणीचं विचारलंच पाहिजे. आयएसओ ४२१० हे सायकलींचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक. त्यात रेसिंग सायकलच्या फ्रेमवर पॅडलच्या जागी १,१०० न्यूटनचा जोर १,००,००० वेळा देतात. अहवाल मागा, आणि तो त्याच मॉडेलचा आहे ना ते बघा. यूसीआयची, म्हणजे सायकल-शर्यतींच्या जागतिक संघटनेची, मान्यता असल्याचं बरेच विक्रेते ठळक सांगतात. ती मान्यता आकार स्पर्धेच्या नियमांत बसतो की नाही याची आहे. ताकदीचा दाखला म्हणून ती वाचू नये.

विक्रेत्याने पार्सलवर किंमत कमी लिहून देऊ का, असं विचारलं. बरेच जण हो म्हणतात. मी नाही म्हटलं, कारण जे खोटं मला फ्रेमवर नको ते बिलावर तरी का हवं? शिवाय पार्सल वाटेत फुटलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळते. फ्रेम आणि चिमटा कस्टम्सच्या यादीत ८७१४ ९१ या शीर्षाखाली येतात. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर ड्यूटी, त्यावर अधिभार, मग या सगळ्यावर आयजीएसटी. कुरिअरवाल्याला केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. ५०० डॉलरच्या आसपासची फ्रेम घरी येईपर्यंत पाऊण लाखाच्या जवळ जाते, हे धरूनच चालावं. माझी पूर्ण सायकल दोन लाखांच्या आत उभी राहिली. ही रक्कम लहान नाही. पण माझ्या मापाची, नीट वळणारी आणि हायड्रॉलिक ब्रेकची कार्बन सायकल मला त्या पैशांत दुसरीकडे मिळत नव्हती.

खोका मी उघडला तो पेठेतल्या सायकलवाल्या काकांच्या दुकानात. काकांनी आयुष्यभर हर्क्युलिस, अ‍ॅटलास, हीरो यांची ओव्हरऑइलिंगं केली. गेल्या काही वर्षांत गिअरच्या सायकली येऊ लागल्या तेव्हा तेही शिकले. कार्बन त्यांनी हातात कमी घेतलेला. फ्रेम उचलून त्यांनी दोनदा वरखाली केली. "ताई, हिच्यात जीव आहे का नाही?" काट्यावर ती १,०६० ग्रॅम भरली.

मी टॉर्च घेऊन आतून बघत होते. बीबीच्या भोकातून, हेड ट्यूबमधून, सीट ट्यूबमधून जिथवर नजर जाईल तिथवर, सुरकुत्या आहेत का, फुग्याचे तुकडे राहिलेत का, सांध्यात राळेचे गोळे साठलेत का. तेवढ्यात काकांनी खिळ्यावरचा दोरा काढला. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या टोकाला, तो बांधला, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजलं. अपघातात वाकलेली लोखंडी फ्रेम ते याच रीतीने तपासत आलेत.

"दोन्हीकडं सारखंच," ते म्हणाले. "अर्ध्या सुताचा फरक असंल नसंल."

"काका, लोखंडाची असती आणि फरक निघाला असता तर?"

"तर वाकवून सरळ केली असती. ही वाकायची न्हाय. ही आली तशीच ऱ्हायची."

कार्बनबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या तांत्रिक पुस्तिकेत वाचलेलं नाही. जी चूक साच्यातून येते ती दुरुस्त होत नाही, म्हणून मोजणी एकही पार्ट लावायच्या आधी. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर हवं तेवढं, १४२ मिलिमीटर भरलं. हेडसेटची बेअरिंगं आपापल्या बैठकीत अंगठ्याने बसली, डुगडुगली नाहीत. मागच्या ब्रेकच्या बैठकीवर मात्र रंगाचा जाड थर होता. तो तसाच राहता तर कॅलिपर तिरका बसून डिस्क घासत राहिली असती. काकांनी सपाट कानशीने तो हळूहळू काढला, मध्ये मध्ये पट्टी लावून बघत.

चिमट्याची वरची नळी कापणं हे सगळ्यांत नाजूक काम. स्टेम (हँडल धरणारा तुकडा), स्पेसर (उंची भरून काढणाऱ्या कड्या), झाकण लावून खूण केली, परत मोजली, आणि वरच्या स्पेसरच्या ३ मिलिमीटर खाली कापली. बारीक दात्यांचं नवं पातं, नळीभोवती घट्ट टेप, पाण्याची धार आणि दोघांच्या तोंडाला मास्क. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये, आणि दुकानात लहान पोरं येत-जात असतात. कापलेला काठ मी भिंगाखाली पाहिला. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, कुठे पोकळी नाही. अख्ख्या फ्रेमपैकी आतला कार्बन खरोखर उघडा दिसतो ती ही एवढीच जागा, त्यामुळे तो कापलेला तुकडा मी जपून ठेवलाय.

काकांचा हात सवयीने ग्रीसच्या डब्याकडे गेला तेव्हा थांबवावं लागलं. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावलं तर ती घसरते, मग माणूस नट आवळत सुटतो आणि नळी पिचते. तिथे बारीक कणांची कार्बन पेस्ट लावायची. तिने पकड वाढते आणि कमी जोरात काम भागतं. आट्यांना मात्र ग्रीस हवंच. कार्बन वीजवाहक आहे, आणि घाम किंवा खारं पाणी मध्ये आलं की त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू याच कारणाने अडकून बसतात. कोकणात, समुद्राकाठी सायकल चालवणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं.

टॉर्क पाना काकांनी प्रथम संशयाने आणि मग मोठ्या उत्सुकतेने हातात घेतला. स्टेमला ५ न्यूटन मीटर, सीट क्लँपला ५, क्रँकच्या दोन बोल्टना १२ ते १४, बीबीला ३५ च्या वर. "म्हणजे कुठं नाजूक, कुठं जोर, हे लिहूनच दिलंय की." बीबीची उजवी बाजू उलट्या आट्यांची असते हे मला सांगायची त्यांना गरज वाटली आणि मला ते ऐकायला आवडलं. ब्रेकमध्ये लाल मिनरल ऑइल भरून बुडबुडे काढायला संध्याकाळ झाली. ११ गिअरचा शिमानो १०५ संच लावला. हँडल आणि स्टेम मी मुद्दाम नावाजलेल्या कंपनीचे, अ‍ॅल्युमिनियमचे घेतले. चिमटा आणि हँडल या दोन वस्तू अचानक मोडल्या तर तोल सावरायला वेळच मिळत नाही. चिमटा फ्रेमसोबतचाच होता, कापलेला काठ पाहून त्याच्यावर विश्वास ठेवला. हँडलच्या बाबतीत तेवढीही जोखीम नको होती.

सायकल पॅडलांसकट ८.४ किलो भरली. पहिले काही आठवडे मी तिला सपाट रस्त्यावरच नेलं, प्रत्येक फेरीनंतर धुऊन, पुसून, उजेडात सगळे सांधे पाहिले, नाण्याने टकटक करून ऐकलं. निरोगी जागी आवाज टणक येतो. आत थर सुटले असतील तर तो बोदा होतो. मग बोपदेवचा घाट. मग सिंहगड. वळणात हिला ओढावं लागत नाही. नजर जिथे वळवली तिथे ती जाते, आणि इतकी वर्षं घाट उतरताना माझे खांदे का आखडायचे ते मला पहिल्यांदा कळलं. यंदा ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, हिच्यावर केली. २० तासांची मुदत असते, ती बऱ्यापैकी हातात ठेवून परतले आणि मान दुखली नाही.

उन्हात कार्बन मऊ पडतो का, हेही फार विचारतात. फ्रेमची राळ १०० अंशांच्या बरीच वर टिकते. नागपूरच्या मे महिन्यातही तिला काही होत नाही. धोका असतो तो कार्बनच्या रिमवर रबरी ब्रेक दाबत लांब घाट उतरताना, डिस्क ब्रेकमध्ये तो प्रश्न येत नाही. खरी काळजी पडल्यावर घ्यायची. कार्बनची सायकल जोरात आपटली तर ओरखडा नसला तरी ती तपासून घेतल्याशिवाय चालवू नये. मोठ्या कंपनीची असो वा माझ्यासारखी, हा नियम एकच.

ज्यांना दुकानात जाऊन सायकल घ्यायची, काही झालं तर तिथेच परत न्यायची, त्यांनी नाव असलेलीच घ्यावी, हे मी मनापासून सांगते. त्या नावाचे पैसे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलेली मोजणी. ज्यांना ती स्वतः करायची आहे त्यांना मी विक्रेत्याची लिंक देत नाही, आधी त्यांची उंची आणि पायांचं माप विचारते. सध्या हे माझ्या भाचीबरोबर चाललंय. ती माझ्याहून दोन इंच बुटकी आहे, ट्रायथलॉनच्या मागे लागलीय आणि तिच्यासमोर ४६ साइजची दोन ड्रॉइंग्ज आहेत. तिला रंगामुळे पहिली आवडलीय. त्या कारखान्याकडे एकच चिमटा आहे, म्हणून काल तिला मी ट्रेल काढायला बसवलं. आकडा ७४ आला, तेव्हा तिने स्वतःहून दुसऱ्या कारखान्याला चिमट्याचा रेक विचारायला मेल लिहिली.